बिरड्यातली लिंक : ठाण्यातलं एक प्रकरण

२०२४ च्या नवरात्रात, घट बसल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, नौपाड्यातल्या काकींचा सकाळी सातला फोन आला. गूगलकडून इंग्रजीत लांबलचक पत्र आलंय, त्यात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' असं काहीतरी लिहिलंय, तू जरा येऊन बघ, म्हणाल्या. काकी म्हणजे माझ्या शाळासोबत्याची आई. त्यांची पाककृतींची मराठी वेबसाइट २०१७ साली मीच बांधून दिली होती. ठाण्यातल्या दुकानांच्या, क्लासच्या, छोट्या कारखान्यांच्या वेबसाइट सांभाळणं हाच माझा धंदा. ते दोन शब्द कानावर पडल्यावर चहा तसाच ठेवून निघालो.

सर्च कन्सोल, म्हणजे गूगल साइटमालकांना साइटची स्थिती आणि निरोप दाखवतं ते साधन, उघडलं. साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत, असा ठपका होता. गूगलची यंत्रणा रोज आपोआप असंख्य पानं वर-खाली करत असते, त्याचं पत्र कुणाला येत नाही. हे पत्र येतं तेव्हा तिथल्या एखाद्या माणसाने स्वतः साइट पाहून शेरा मारलेला असतो. तोपर्यंत गूगलवरून दिवसाला १,८०० ते २,००० लोक काकींच्या साइटवर यायचे. पुढच्या दहा दिवसांत आकडा ६०० वर आला. दिवाळी तोंडावर होती. अनारसा तळताना का हसतो, चकली मऊ का पडते, हे लोक वर्षातून याच दिवसांत शोधतात. पाककृतीच्या साइटची सुगी हीच.

हे प्रकरण मी काकींच्या आणि पुढे येणाऱ्या कारखानदारांच्या परवानगीने लिहितो आहे. दोघांची नावं आणि साइटचे पत्ते दिलेले नाहीत. त्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत, एकाच्या पासबुकातले आणि दुसऱ्याच्या बिलावरचे.

लिंक कशा विकल्या गेल्या

फेब्रुवारी २०२३ मध्ये काकींना पहिली मेल आली. तुमची साइट छान आहे, आम्हाला एका जुन्या लेखात आमच्या लिंकची एक ओळ घालून हवी आहे, १,२०० रुपये देऊ. काकींनी मला विचारलं. मी म्हणालो, एखाद-दुसरी घेतली तर काही बिघडत नाही. हे मी तेव्हा खरोखर म्हणालो होतो, आणि ते चूक होतं. एखाद-दुसरी कधीच राहत नाही. एकाने घेतली की साइटचं नाव दलालांच्या यादीत चढतं. मग रोज दोन-तीन मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर 'हॅलो डिअर', आणि सोबत एक्सेलची फाइल.

या बाजाराची स्वतःची बोली आहे. जुन्या लेखात ओळ घुसवणं म्हणजे 'लिंक इन्सर्शन'. नवा लेख पाठवून त्यात लिंक ठेवणं म्हणजे 'गेस्ट पोस्ट'. ज्या शब्दांवर टिचकी मारायची ते 'अँकर'. भाव ठरतो 'डीए'वर. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, मॉझ नावाच्या कंपनीने ० ते १०० च्या पट्टीवर काढलेला अंदाज. अह्रेफ्स या दुसऱ्या कंपनीचा तसाच 'डीआर' असतो. हे दोन्ही आकडे गूगलचे नाहीत आणि गूगल ते वापरत नाही. पण पाच हजार साइटींच्या यादीत भाव लावायला काहीतरी तराजू लागतो, म्हणून बाजार यावरच चालतो. पूर्वी गूगल स्वतःच 'पेजरँक'चा, म्हणजे लिंकांवरून ठरणाऱ्या पानाच्या वजनाचा, ० ते १० मधला आकडा ब्राउझरच्या पट्टीत दाखवायचं, तेव्हा दलाल त्यावर भाव बोलायचे. २०१६ मध्ये गूगलने तो दाखवणं बंद केलं. बाजार थांबला नाही, फक्त तराजू बदलला.

प्रत्येक मेलमध्ये एक अट ठरलेली: लिंक 'डू-फॉलो' हवी आणि 'परमनंट' हवी. डू-फॉलो नावाची गोष्ट कोडमध्ये मुळात नसतेच. 'नोफॉलो' असते, म्हणजे ही लिंक शिफारस म्हणून मोजू नका असं गूगलला सांगणारी खूण. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन सर्चने मिळून ती मान्य केली. कॉमेंटमध्ये लिंकांचा कचरा टाकणाऱ्यांना फायदा मिळू नये, हा हेतू होता. डू-फॉलो म्हणजे इतकंच की ही खूण लावायची नाही. ज्या लिंकचे पैसे घेतले तिच्यावर पैसे घेतल्याची खूण करू नका, एवढाच त्या अटीचा अर्थ. काकींना हे माहीत नव्हतं. त्यांना तो कुठलासा तांत्रिक दर्जा वाटायचा, आयएसआयच्या शिक्क्यासारखा.

२० महिन्यांत ८६ लिंक गेल्या. त्यांतल्या ६१ साध्या, प्रत्येकी १,२०० रुपयांच्या: कर्ज, पॅकर्स-मूव्हर्स, दातांचे दवाखाने, फर्निचर. उरलेल्या २५ 'गेम'च्या, प्रत्येकी ३,००० रुपयांच्या, कारण रमी आणि सट्ट्याच्या लिंक घ्यायला बरेच साइटवाले नाही म्हणतात आणि म्हणून त्यांचा भाव चढा असतो. एकूण १,४८,२०० रुपये, सगळे यूपीआयने, काकींच्या बचत खात्यात.

काकींना लोभ सुटला असं मला वाटत नाही. साइटवरच्या गूगलच्या जाहिरातींतून महिन्याला साधारण ११,००० मिळत. त्यातून होस्टिंग, नारळ, सुका मेवा, आणि एकेक पदार्थ फोटोला नीट येईपर्यंत दोन-दोनदा करण्याचा खर्च. काका निवृत्त. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन या लिंकांच्या पैशांतून झाली. एक ओळ चिकटवायला पाच मिनिटं लागतात आणि १,२०० रुपये येतात, तर घरी बसून काम करणारी कोणतीही बाई ते घेईल. समोरच्याने तिला काय विकत घेतोय हे सांगितलेलं नसतं.

वालाचं बिरडं

काकींच्या साइटवरचं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान वालाच्या बिरड्याचं. सीकेपी घरातलं बिरडं. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक वाल दोन बोटांत दाबायचा, म्हणजे साल हातात राहते आणि डाळिंबी अख्खी बाहेर येते. काकींनी तिथे लिहिलंय की दाबताना नख लावू नका, डाळिंबी दुभंगते आणि मग शिजताना तिचा गाळ होतो. मोड कुठपर्यंत यायला हवेत त्याचा फोटो, नखाशेजारी धरून काढलेला. असं पान पैसे देऊन लिहून मिळत नाही. त्यामागे पन्नास वर्षांची बोटं आहेत.

त्या पानात, आमसूल आणि गूळ घातल्यानंतरच्या परिच्छेदात, एक वाक्य होतं. बिरडं मंद आचेवर शिजत असताना मिळणाऱ्या मोकळ्या वेळात अनेकजण ऑनलाइन रमीचा आनंद घेतात, अशा अर्थाचं. हे वाक्य काकींचं नव्हतं, दलालाने तयार करून पाठवलेलं. 'ऑनलाइन रमी' या शब्दांवर लिंक. काकींनी ते वाचलं होतं, विचित्र वाटलं होतं, पण चिकटवलं होतं.

गूगलचं पत्र येण्याच्या दोन महिने आधी डोंबिवलीच्या एका वाचक बाईंनी याच पानाबद्दल काकींना लिहिलं होतं. त्यांचा मुलगा नववीत. आई नोकरीवरून यायच्या आत तो काकींच्या साइटवरून बघून वाल सोलून ठेवायचा. त्याने ती लिंक दाबली. बाईंनी रागावून लिहिलं नव्हतं, एवढंच विचारलं होतं की ताई, तुम्ही हे खेळ सुचवताय का? काकींनी तो निरोप मला दाखवला तेव्हा त्यांना पुढे बोलता येईना. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा ठपका हा होता. गूगलचा नंतर आला.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्येच माध्यमांना सट्टेबाजीच्या जाहिराती घेऊ नका असं कळवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला आणि त्यांची जाहिरात करणंही गुन्ह्यात आणलं. पण आमच्यासाठी तेव्हा कायद्यापर्यंत जायची गरजच नव्हती. काकींनी तो निरोप दाखवला त्याच संध्याकाळी गेमच्या २५ लिंक काढल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही.

गूगलला यात काय खटकतं

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत होते तेव्हा त्यांनी १९९८ मध्ये पेजरँक मांडलं. कल्पना साधी होती. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला जितके जास्त आणि जितके जाणते लोक देतात, तितका तो महत्त्वाचा मानला जातो. वेबपानांचंही तसंच धरायचं. आपल्याकडच्या भाषेत, लिंक म्हणजे शब्द टाकणं. तुम्ही राम मारुती रोडवर कुणाला विचारलं की चांगला शिंपी कोण, आणि त्याने नाव सांगितलं, तर तुम्ही त्या नावापेक्षा सांगणाऱ्यावर जास्त भरवसा टाकता. सांगणाऱ्याने नाव सांगायचे पैसे घेतलेत हे कळलं तर तुम्ही तो शिंपी कदाचित तरीही बघाल, पण त्या माणसाला पुन्हा विचारणार नाही.

म्हणून गूगलचा नियम लिंक विकू नका असा नाहीच. जाहिरात म्हणून लिंक विकायला पूर्ण मोकळीक आहे. अट एकच: ती शिफारस म्हणून मोजली जाऊ नये, यासाठी कोडमध्ये खूण करा. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण आहे, जुनी नोफॉलोही चालते. बाजारात जे विकलं जातं ते बरोबर उलटं, जाहिरात असूनही शिफारस म्हणून मोजली जाणारी लिंक.

मोठे यातून सुटले आहेत असंही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीच्या हजारो लिंक शेकडो असंबद्ध साइटींवर पेरलेल्या आहेत. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत सगळ्या शोधांत वर दिसणारी ती कंपनी काही दिवसांत खाली गेली. जानेवारी २०१२ मध्ये क्रोमच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखात खूण नसलेली लिंक सापडली, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला किमान ६० दिवसांसाठी खाली टाकलं. त्याच वर्षी २४ एप्रिलला गूगलच्या क्रमवारीत 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या राहिलेल्या असंख्य साइट कोसळल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन अशा लिंकांबद्दल साइटला शिक्षा देण्यापेक्षा त्यांची किंमतच शून्य धरू लागला. डिसेंबर २०२२ पासून विकत घेणारी आणि विकण्यासाठी वापरली जाणारी, अशा दोन्ही साइट ओळखायला 'स्पॅमब्रेन' ही यंत्रणा वापरली जाते.

किंमत शून्य धरण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कारखानदारांचं काय झालं ते त्यातच आहे.

यादी करताना

आम्ही ८६ लिंकांची यादी करायला बसलो. काकींकडे वही होती, तारीख-रक्कम लिहिलेली, पण कोणत्या पानावर कोणती ओळ हे नव्हतं. मी साइटचा सगळा डेटा उतरवून घेतला, बाहेर जाणारी प्रत्येक लिंक एक्सेलमध्ये काढली आणि आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकेक उघडून पाहिली. तिसऱ्या दिवशी निनाव या गोड पदार्थाच्या पाककृतीत 'ठाण्यातील मॉड्युलर किचन' या शब्दांवर लिंक सापडली. ती उघडली तर वागळे इस्टेटमधला एक कारखाना निघाला, काकींच्या घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर.

मी साइटवरच्या नंबरावर फोन केला. मालकांनी स्वतः उचलला. मी कुठल्याही पाककृतीच्या साइटला एक रुपया दिलेला नाही, असं ते ठामपणे म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी पैसे दिले होते एका एजन्सीला. मार्च २०२४ चं बिल त्यांनी काढून दाखवलं: १० 'हाय डीए' लिंक, प्रत्येकी ४,५००, एकूण ४५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,१००, मिळून ५३,१०० रुपये. सोबत दहा पानांचे पत्ते असलेली यादी. त्यात सहाव्या क्रमांकावर निनाव.

म्हणजे कारखानदारांनी जीएसटी सोडून ४,५०० दिले आणि काकींना १,२०० पोहोचले. मधले ३,३०० दोन हातांत राहिले, एजन्सीच्या आणि काकींना मेल करणाऱ्या दलालाच्या. दलालीवर माझा आक्षेप नाही. गिऱ्हाईक आणि माल एकत्र आणण्याला मोल आहेच. पण इथे दलालाने दोघांना एकत्र आणलंच नाही, एकमेकांपासून लपवून ठेवलं. काकींना आपण कुणाची शिफारस करतोय ते माहीत नव्हतं. कारखानदारांना आपली शिफारस कोण करतंय ते माहीत नव्हतं. दोघं एकाच शहरात राहतात, तीन हात नाक्यावरच्या एकाच सिग्नलला थांबत असतील. बाकीच्या नऊ पानांत एक पंजाबी गाण्यांच्या बोलांची साइट होती आणि एक ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची.

घेणाऱ्याची बाजू

कारखानदार दादांना मी म्हणालो, येऊन बसू का. शेडमध्ये प्लाय कापायची मशीन चालू होती, बोलायला ते मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवर उभे राहतायत, प्रत्येक ताबा मिळालेल्या फ्लॅटला किचन लागतं, आणि लोक पहिलं मोबाइलवर शोधतात. 'मॉड्युलर किचन ठाणे' टाकलं की मी दुसऱ्या पानावर, म्हणून पैसे दिले. दीड महिन्यात पहिल्या पानाच्या तळाशी आलो. एजन्सीने स्क्रीनशॉट पाठवला. ऑगस्टमध्ये बघतो तर तिसऱ्या पानावर.

त्यांना गूगलचं कुठलंही पत्र आलेलं नव्हतं. मी सर्च कन्सोल तपासलं, स्वच्छ होतं. घसरण फक्त लिंकांमुळेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, त्या काळात दोन मोठ्या ब्रँडांनीही ठाण्यात शोरूम काढली. पण चढण आणि उतरण यांचा आकार ओळखीचा होता. शून्य किंमत धरलेल्या लिंकांमुळे आधी जो फायदा मिळाला असेल तो जातो आणि तो परत मिळत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. शिक्षा नाही, सूचना नाही. ५३,१०० रुपये गेले आणि कुठे गेले हे सांगायलाही कुणी आलं नाही. एजन्सीने मात्र पुढचं पॅकेज सुचवलं, २० लिंकांचं.

दादांनी विचारलं, ती 'डिसअव्हाऊ' नावाची फाइल करायची का? हे साधन ऑक्टोबर २०१२ पासून आहे. आपल्याकडे येणाऱ्या नको त्या लिंक मोजू नका, असं त्यातून गूगलला कळवता येतं. मी नाही म्हणालो. जिथे मॅन्युअल अ‍ॅक्शन आलेली आहे किंवा येण्याची दाट शक्यता आहे तिथेच ते वापरायचं असतं, आणि दहा निरुपयोगी लिंकांसाठी ते उघडण्यात अर्थ नव्हता. काकींसाठी तर त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण ते येणाऱ्या लिंकांसाठी आहे आणि त्यांचा प्रश्न जाणाऱ्यांचा होता. या दोन दिशांची गल्लत इतके लोक करतात की मुद्दाम लिहितो.

त्यांच्या साइटवर दुसऱ्याच गोष्टी मोडलेल्या होत्या. गूगल मॅपवरची पिन मागच्या रस्त्यावर पडलेली. सगळे फोटो विकत घेतलेले, परदेशी किचनचे. एकही किंमत नाही. जवळपासचे धंदे दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी किती जुळतंय, किती लांब आहे, आणि किती नावाजलेलं आहे. यांतल्या दोनांवर पत्ता आणि माहितीतच पाणी पडलं होतं. पिन हलवायला एक पैसा लागला नाही.

बोलता बोलता त्यांनी भंगारात टाकलेली एक ट्रॉली उचलून मला दाखवली. कुठल्याशा सोसायटीतून काढून आणलेली, सिंकखालची. तारा जिथे एकमेकींना वेल्ड केल्या होत्या नेमक्या तिथे गंजाचे ठिपके. हे स्टील २०२ आहे, म्हणाले, ३०४ म्हणून विकलेलं. दिसायला दोन्ही सारखं चकचकीत, पण ओल धरणाऱ्या जागेत वेल्डपाशी २०२ आधी मरतं. मी म्हणालो, दादा, हे लिहा. हाच फोटो टाका. त्यांनी सांगितलं, मी लिहून काढलं. ते पान घोडबंदरच्या दोन-तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर आपोआप फिरलं, आणि एका घरसजावट करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या साइटवरून त्याला लिंक दिली, न मागता. माझ्या मते त्या वर्षात दादांना मिळालेली खरी लिंक ही एकच.

आवरासावर

काकींच्या बाजूला जास्त त्रास झाला. गेमच्या २५ गेल्या होत्या. उरलेल्या ६१ पैकी बहुतेक काढल्या, थोड्यांना स्पॉन्सर्डची खूण केली, आणि गूगलला फेरविचाराची विनंती पाठवली. ती नाकारली गेली. तपासल्यावर कळलं की गेस्ट पोस्टच्या तळाशी 'लेखकाविषयी' म्हणून जी चौकट असते, तिच्यातल्या १४ लिंक आमच्या यादीत आल्याच नव्हत्या, कारण त्या पानाच्या मजकुरात नाही, लेखकाच्या नोंदीत साठवलेल्या होत्या. दिवाळी त्यातच गेली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहिरातींचे २६,००० आले होते, या ऑक्टोबरमध्ये ७,०००. पुढचे तीन महिने ११,००० च्या जागी साधारण ४,०००. बेरीज करून काकींना सांगितली तेव्हा ४०,००० चं नुकसान निघालं होतं.

दुसरी विनंती लिहिताना मी इंग्रजी कायदेशीर भाषा टाळली. काय विकलं, किती विकलं, केव्हापासून, काय काढलं, काय ठेवलं आणि खूण कशी केली, पहिल्यांदा काय नजरेतून सुटलं, हे सरळ लिहिलं आणि एक्सेलची शीट जोडली. सतरा दिवसांनी, जानेवारी २०२५ मध्ये, ठपका हटला. पण वाचक पूर्ण परतले नाहीत. आज दिवसाला १,३०० च्या आसपास येतात.

मग पैसे परत मागणारे आले. 'परमनंट' म्हणून पैसे घेतले आणि लिंक काढली, म्हणजे तुम्ही फसवलं, असं दोन दलालांचं म्हणणं. यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. माझं मत होतं की नियम मोडायचा करार पाळायला काकी बांधील नाहीत. काकींचं मत वेगळं पडलं: मी पैसे घेतलेत, त्याला माहीत होतं की नाही हा त्याचा प्रश्न, माझा शब्द माझा आहे. शेवटी त्यांनी शेवटच्या तीन महिन्यांतल्या ९ साध्या लिंकांचे १०,८०० रुपये परत केले आणि जुन्यांना कळवलं की खूण केलेली लिंक वर्षभर हवी असेल तर ठेवते. मला अजूनही वाटतं की ते पैसे द्यायला नको होते. पण शिफारशीची किंमत आमच्या दोघांत त्यांनाच जास्त कळली असंही वाटतं.

एक गोष्ट राहून गेली होती. यूपीआयने बचत खात्यात आलेले १,४८,२०० हे उत्पन्नच आहे आणि ते विवरणपत्रात दाखवायला लागतं, हे काकींना कुणी सांगितलं नव्हतं. सीएकडे जाऊन ते नीट केलं. लिंक विकणाऱ्या बहुतेक गृहिणींच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही बाजू अंधारातच असते.

आता काय चालू आहे

फेब्रुवारीत मी दोघांना भेटवलं. दादा काकींकडे आले, निनाव खाल्लं, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली एक बिजागरी स्वतःजवळच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळून दिली. ठरलं ते असं: महिन्याला २,००० रुपये; सहा पाककृतींच्या वर 'प्रायोजित' असं मराठीत स्पष्ट लिहिलेली चौकट; लिंकला स्पॉन्सर्डची खूण; मुदत सहा महिने; आणि चौकटीतलं वाक्य काकी स्वतः लिहिणार. जाहिरात आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे, अशीच अपेक्षा भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत समाजमाध्यमांवर प्रचार करणाऱ्यांकडून केलेली आहे. काकींनी लिहिलं की या किचनवाल्यांची ट्रॉली मी हाताळून पाहिली आहे, माझ्या घरी त्यांचं किचन नाही, आणि ही जागा त्यांनी पैसे देऊन घेतली आहे. हे शेवटचं वाक्य काढा असं मी सुचवलं होतं. त्या नाही म्हणाल्या.

पहिल्या चार महिन्यांत त्या चौकटीतून दादांना नऊ फोन आले. त्यांतून कासारवडवलीतलं एक किचन झालं. दादांनी मुदत वाढवली. या लिंकमुळे गूगलवर त्यांचा क्रमांक एक घरही वर जाणार नाही, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, मला क्रमांक नको, किचन हवीत. दुसरं प्रायोजकत्व काकींनी एका लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांना दिलंय, पण महिनाभर त्यांचं तेल घरात वापरून पाहिल्यावर. महिन्याला ३,५०० या दोन्हींतून मिळतात. त्या लिंक विकायच्या तेव्हा महिन्याला सरासरी ७,४०० मिळत. फरक आहेच, आणि काकींना तो जाणवतो. सासूबाईंच्या औषधांचं बिल त्यांनी मला दाखवलं होतं.

डोंबिवलीच्या बाईंना काकींनी पत्र लिहिलं, माफी मागितली आणि ती ओळ काढल्याचं कळवलं. उत्तर आलं नाही. एका दलालाशी ९,००० रुपयांचा वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, गेमच्या तीन लिंक न सांगता काढल्या. काकींनी त्याला सांगितलंय की त्या तिन्हींचे पैसे मागायचे असतील तर कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर लिहून मागणी पाठव. तशी मागणी अजून आलेली नाही.